सांगायची राहिलेली गोळी

कोरेगाव मागं पडलं आणि क्रांतीच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनवरचे आकडे अर्धे नाहीसे झाले.

आधी तिला वाटलं, बॅटरी उतरली. तिनं मशीन तळहातावर थोपटलं, तिरकं धरून पाहिलं. डावीकडचे आकडे दिसत होते, उजवीकडचे नव्हते. मान वर करून समोरच्या म्हातारीकडं पाहिलं, तर म्हातारीचाही एक डोळा आणि अर्धं कपाळ जागेवर नव्हतं. तिथं नुसती एक चमचमणारी रेघ होती, करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी, आणि ती बघता बघता रुंदावत बाहेर सरकत होती.

"रहिमतपूर. अर्धं तिकीट," म्हातारी म्हणाली.

क्रांतीनं बोट बटणावर ठेवलं, पण ते बटणाला लागलं की नाही हे बोटालाच कळेना. उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्या मनगटापर्यंत चढल्या आणि मग एकदम ओठांच्या कडेला जाणवायला लागल्या. 'सुट्टे द्या' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर बाहेर आलं ते भलतंच काहीतरी. शब्द डोक्यात होते, जिभेवर येत नव्हते.

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. "बाईंनी सकाळी सकाळी काय घेतलंय का काय?"

गाडी आप्पा चालवत होते. फौजेत ट्रक चालवून पेन्शनीत निघालेला आणि मग एसटीत आलेला माणूस. आरशात त्यांना क्रांती खांबाला मिठी मारल्यासारखी उभी दिसली. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागं आले.

"ताई, काय हुतंय?"

"आप्पा..." एवढंच तिला नीट म्हणता आलं.

आप्पांनी हसणाऱ्याकडं एकदा नुसतं पाहिलं. तो गडी मुकाट्यानं खिडकीबाहेर बघायला लागला. मग त्यांनी क्रांतीला पुढच्या सीटवर बसवलं, दोन्ही हात वर करायला लावले, दात दाखव म्हणाले. तिनं केलं.

"हात बराबर उचलतीयास. तोंड वाकडं न्हाई. तरी बी डाक्टर गाठायचा, आजच्या आज," आप्पा म्हणाले.

गाडी रहिमतपूरच्या स्टँडवर लागेपर्यंत दिसायला लागलं, बोलताही यायला लागलं, आणि मग डोकं सुरू झालं. डाव्या डोळ्याच्या मागून कुणी पहारीनं उचकटतंय असं. स्टँडच्या कोपऱ्यात ती उलटीला बसली. आप्पांनी डेपोत फोन करून पुढच्या फेरीला दुसरा कंडक्टर मागवला आणि तिच्या घरी निरोप धाडला. क्रांतीचं सासर रहिमतपुरातच होतं. थोड्या वेळात तिच्या सासूबाई, बनुबाई, रिक्षा घेऊन आल्या.

डोकं क्रांतीला नवं नव्हतं. कॉलेजात असल्यापासून ते दुखायचं. माहेरी पलूसला त्याला पित्त म्हणायचे. आठवड्याचा उपास धरला तर पित्त, उन्हात गेलं तर पित्त, परीक्षा आली तरी पित्तच. कधीमधी डोळ्यापुढं असं चमकूनही जायचं, पण ते थोडंसंच, आणि त्याचं कुणाला काय सांगायचं म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. लग्न झालं, एसटीत लागली, शिवांजली झाली. नवरा जयराज फौजेत, सध्या राजस्थानात. पहाटेची ड्युटी, वेळी-अवेळी जेवण, इंजिनचा घरघराट. मेडिकलमधून ती डोकेदुखीची गोळी घ्यायची. आधी आठवड्यातून एखादी, मग एक दिवसाआड. गेल्या दिवाळीपासून चहाबरोबर रोज एक, आणि वाईट दिवस असला तर तीन. गोळी घेतली की जरा बरं वाटे, गोळी उतरली की डोकं परत हजर.

दवाखान्यात ती गेली नव्हती, त्याला कारण भीती. शेजारच्या आळीतली एक बाई डोकं दुखतंय म्हणून पुण्याला गेली आणि डोक्यात गाठ निघाली. ती बाई परत आली नाही. आपल्यालाही तसंच काही सांगितलं तर? आणि गाठ नसली, तरी एसटीच्या फिटनेस तपासणीत नापास करून घरी बसवलं तर? न कळलेलं बरं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी बनुबाईंनी तिला अंधाऱ्या खोलीत निजवलं, सुंठ उगाळून कपाळाला लावली, आणि उंबऱ्यात बसून राहिल्या. संध्याकाळी क्रांतीनं डोळे उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या साताऱ्याला जायचं."

"आत्या, आता बरं हाय. उगं कशाला—"

"मी इचारलं न्हाई तुला. सांगितलं."

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला डॉक्टर अंकिता देशमाने यांचा दवाखाना होता. मेंदूच्या विकारांच्या डॉक्टर, वयानं क्रांतीपेक्षा थोड्याच मोठ्या. आप्पांच्या मेव्हणीला त्यांचा गुण आला होता, म्हणून आप्पांनीच नाव सांगितलं होतं. नंबर लागेपर्यंत बनुबाई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलंच नाही. खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. क्रांती बोलत सुटली. डॉक्टर मधेमधे एखादंच विचारायच्या. दुखतं ते एका बाजूला की दोन्ही? ठणकतं की आवळल्यासारखं होतं? उजेड सोसतो का? आवाज? जिना चढलं तर वाढतं का? पाळीच्या आसपास जास्त होतं का? ती चमकणारी रेघ जागच्या जागी असते की सरकते? मुंग्या एकदम येतात की हळूहळू चढतात? ती रेघ कशी दिसते हे क्रांतीला शब्दांत सांगता येईना, तर डॉक्टरांनी कागदावर करवतीच्या दात्यांसारखी एक वळणदार रेघ ओढली आणि तिच्यापुढं धरली.

"अशी?"

क्रांती त्या कागदाकडं बघतच राहिली. तिच्या डोक्याच्या आतली गोष्ट दुसऱ्या माणसानं काढून दाखवली होती. तिचे डोळे भरून आले.

"अशीच," ती म्हणाली. "तुमाला कसं कळलं?"

"तुमच्यासारख्या पुष्कळ जणींनी सांगितली म्हणून." डॉक्टरांनी मग रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारून आत खोलवर पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, एका रेषेत चालायला लावलं. सगळं झाल्यावर त्या दोघींकडं वळून म्हणाल्या, "ह्याला मायग्रेन म्हणतात. आपल्याकडं जुना शब्द आहे, अर्धशिशी. तुमची तपासणी चांगली आहे आणि हा त्रास वर्षानुवर्षांचा आहे, म्हणून गाठीची शंका मला येत नाही. डोकं दुखायच्या आधी मेंदूतून एक लाट सरकत जाते. ती बघण्याच्या भागातून गेली की चमकतं, स्पर्शाच्या भागात गेली की मुंग्या, बोलण्याच्या भागात गेली की शब्द अडतात. लाट ओसरली की सगळं परत येतं."

"म्हंजी पित्त न्हवं?" बनुबाईंनी विचारलं.

"नाही आजी. उलटी होते म्हणून लोक पित्त म्हणतात. उलटी हा ह्याच दुखण्याचा भाग. आणि हे नाटक नाही, नाजूकपणाही नाही. मधुमेह असतो तसा हाही एक आजार आहे, आणि तो आटोक्यात ठेवता येतो."

मग डॉक्टरांनी रोजच्या गोळ्यांचं विचारलं. क्रांतीनं खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "ह्या गोळ्यांनीच आता तुमचं डोकं दुखायला लागलंय. रोज घेतल्या की मेंदूला त्यांची सवय लागते. त्या बंद करायच्या. पहिले दोन-तीन आठवडे फार त्रास होईल, आधीच सांगून ठेवते. त्याच्याबरोबर मी एक गोळी देते, ती रोज झोपताना घ्यायची, दुखो वा न दुखो. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील, धीर सोडायचा नाही. आणि झटका आलाच तर ही दुसरी, डोकं सुरू होताच लगेच घ्यायची. पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. अजून कुठली गोळी चालू आहे? कसलीही. रक्तदाबाची, थायरॉईडची, पाळी पुढं ढकलायची?"

बनुबाई शेजारी बसल्या होत्या.

"न्हाई," क्रांती म्हणाली.

खाली मेडिकलमध्ये औषधं घेताना मात्र तिचं मन थाऱ्यावर राहीना. एक गोळी होती. दोन वर्षं ती रोज रात्री घेत होती. शिवांजलीच्या पाठीवर इतक्यात दुसरं नको, असं तिनं आणि जयराजनं मिळून ठरवलं होतं. तो वर्षाचे दहा महिने सीमेवर, ही पहाटे गाडीवर, लेकरू सांभाळणार कोण? पण बनुबाईंना नातू हवा होता, निदान घरात दुसरं लेकरू तरी. त्यांनी दोन वर्षं सोमवार धरले होते, शिखर शिंगणापूरच्या महादेवाला नवस बोलल्या होत्या. त्यांना तोंडावर नाही म्हणायचं कुणाला जमलं नव्हतं, म्हणून गोळ्यांचं पाकीट क्रांतीच्या युनिफॉर्मच्या घडीत असायचं.

ज्या बाईनं कागदावर रेघ काढून दाखवली, तिच्याशी आपण खोटं बोललो, हे क्रांतीला सहन होईना.

"आत्या, तुमी हितंच बसा. मला डाक्टरास्नी एक इचारायचं राहिलं."

ती परत वर गेली. पुढचा पेशंट बाहेर येताच डॉक्टरांनी तिला आत घेतलं. क्रांतीनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी दार लावून घेतलं.

"बसा. तुम्ही परत आलात ना, फार चांगलं केलंत. ह्या गोळ्यांत जे संप्रेरक असतं, त्यानं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. एरवी बहुतेक बायकांना ती चालते. पण ज्यांना डोकं दुखण्याआधी असं चमकतं, मुंग्या येतात, त्यांना ती द्यायची नाही, कारण अर्धांगवायूचा धोका वाढतो. घाबरू नका, तुम्हाला काही झालेलं नाही. पण आजपासून ती बंद. मूल लांबवायचे दुसरे मार्ग आहेत, तांबी आहे, सरकारी दवाखान्यातही बसवतात. तोवर काळजी घ्यायची, नवऱ्याला सांगायचं."

"आन सासूबाईंना?"

"ते मी सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण एक सांगते, ज्यानं घरातल्या घरात भीती वाटते, त्यानंही डोकं दुखतं."

परतीच्या गाडीत क्रांती कधी नव्हे ते प्रवासी म्हणून बसली होती. ओळखीच्या कंडक्टरनं 'बाई, आज सीटवर व्हय' म्हणून चेष्टा केली, तिनं नुसतं हसून घेतलं. माहुलीचा पूल ओलांडला आणि ती खिडकीबाहेर बघत, बनुबाईंकडं न बघता बोलली. सगळं बोलली. गोळीचं, जयराजच्या संमतीचं, डॉक्टर काय म्हणाल्या त्याचं.

बनुबाईंनी ऐकून घेतलं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी तिच्या मागं रेंगाळत चालली होती.

"दोन वरसं सोमवार धरलं मी," शेवटी त्या म्हणाल्या. "तोंडात पाण्याचा थेंब घेतला न्हाई दिवस बुडंस्तोवर. आन तुमी दोघं बघत हुता."

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे डोकं उठलं, आणि असं उठलं की रजा टाकावी लागली. जुन्या गोळीसाठी जीव कासावीस व्हायचा. मेडिकल चार पावलांवर होतं, पण ती गेली नाही. बनुबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. पण खिडकीला जाडं पांघरूण त्यांनीच अडकवलं. शेजारीण मिक्सर लावायला लागली की त्या अंगणातून हाळी द्यायच्या, "आगं ए, जरा दमानं घे, माझी सून पडलीया." डॉक्टरांनी उपाशी राहू नको म्हटलेलं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. वेळ झाली की शिवांजलीच्या हातून ताक-भाकरी आत यायची आणि पोरगी कुजबुजत सांगायची, "आजी म्हणती, सगळं खायाचं."

एका सोमवारी सकाळी क्रांती उठली आणि डोकं हलकं होतं. पूर्ण गेलं नव्हतं, पण उजेडात उभं राहता येत होतं. ती स्वयंपाकघरात आली तर बनुबाई चुलीपुढं बसून पोहे खात होत्या.

"आत्या, आज सोमवार," क्रांती न राहवून म्हणाली.

"ठावं हाय मला." त्यांनी घास गिळला. "सोडला उपास. मागची दोन वरसं तुझ्यासाठी धरलं म्हणायचं. गाडीत तू पडलीस तवा आप्पा हुता, डाक्टरीण भली भेटली, धोक्याची गोळी सुटली. द्येवानं काय द्यायचं त्ये दिलंच की. मी मागितलं एक, त्येनं दिलं दुसरं. कमी न्हाई दिलं."

क्रांती त्यांच्याजवळ खाली बसली. तिला रडू आलं आणि ती हसायलाही लागली. बनुबाईंनी पोह्यांची ताटली तिच्यापुढं सरकवली.

"पर एक हाय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा माझ्यापास्नं दडवायचं न्हाई. मी काय खाती का तुमाला? मला बी जयराजच्या पाठीवर दुसरं नकोच हुतं. तवा इचारणारं कोण हुतं?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्या गोष्टीवर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि क्रांतीनंही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून घरातलं वातावरण मोकळं झालं.

फाल्गुनात जयराज रजेवर आला. आईनं त्याला पहिल्याच दिवशी पाटावर बसवून झाप झाप झापलं, आणि तो फौजी गडी मान खाली घालून ऐकत राहिला. मग ग्रामीण रुग्णालयात तांबी बसवायला जायचं ठरलं, तेव्हा बनुबाईच पदर खोचून पुढं निघाल्या. "बायकांच्या कामात तुझं काय? तू पोरीला बघ," असं त्यांनी लेकाला सुनावलं.

नोकरीचं मात्र क्रांतीला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट झालं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती भीत भीत डेपोत गेली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्या बायकोला बी हेच हाय. आमी बाम लावत बसलो इतकी वर्षं." त्यांनी तिला जेवणाची वेळ चुकणार नाही अशी ड्युटी लावून दिली आणि जाताना डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला.

रोजच्या गोळीनं पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही. बनुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं दुखलेल्या दिवशी काजळाचा ठिपका लावायच्या. आधी ठिपके दाट होते. मग विरळ झाले. वैशाखात, ऐन उन्हात, महिन्याला तीन-चारच पडले, तेव्हा बनुबाईंनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून शेजारणीला दाखवून आणलं.

आषाढात पुन्हा एकदा ती रेघ दिसली. गाडी साताऱ्याहून निघून नुकतीच कोरेगावच्या स्टँडवर लागली होती. पण आता क्रांतीला ठाऊक होतं की ही काय आहे आणि किती वेळ राहणार आहे. तिनं आप्पांना हाक मारली.

"आप्पा, चमकाय लागलंय."

"बस निवांत. गाडी कुठं पळून जात न्हाई." त्यांनी इंजिन बंद केलं आणि चहाच्या टपरीवरून पाणी आणलं.

ती सीटवर टेकली, डोळे मिटून घेतले. रेघ बाहेर सरकत सरकत विरली, डोकं ठणकायला लागलं तशी तिनं झटक्याची गोळी घेतली. गाडीतल्या एका बाईनं उजेडाच्या बाजूच्या खिडकीवर आपला पदर ओढून धरला. दुसरीनं विचारलं, "अर्धशिशी का?" आणि क्रांतीनं डोळे न उघडता मान हलवली. "माझ्या बहिणीला हाय," ती बाई म्हणाली, "काय औषध घेतीस गं?" क्रांतीनं डॉक्टरांचं नाव सांगितलं. दुखायचं ते दुखलं, पण अंगावर येण्याइतकं नाही. गाडी थोडी उशिरा सुटली. कुणी कुरकुर केली नाही. तिकिटं तिनंच फाडली.

श्रावणात दोघी साताऱ्याला तपासणीला गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रक्तदाब बघितला, रोजची गोळी अजून काही महिने चालू ठेवायला सांगितलं. "मग हळूहळू कमी करू. आणि लक्षात ठेवा, कधी एकदम, आयुष्यात झालं नाही असं डोकं फुटायला लागलं, किंवा हातातली ताकद गेली आणि परत आली नाही, तर घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना."

क्रांतीला आभार मानायचे होते. गाडीत येताना तिनं वाक्यं जुळवली होती, पण आता तोंडातून एकही निघेना. बनुबाईंना तिची अडचण कळली. त्या खुर्चीतून उठल्या, डॉक्टरांच्या टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"बाई, माझ्या सुनंचं दुखणं तू खरं मानलंस," त्या म्हणाल्या. "लय झालं ते."

डॉक्टरांनी बनुबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. मग त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं, आणि क्रांती सासूचा हात धरून बाहेरच्या उजेडात आली.